सासूबाईंचं सोवळं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. एरवी भाजी करपली तरी जिला फोन करून सांगते, त्या मैत्रिणीलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? परवा लेकीच्या निबंधावर सही केली, म्हणून असेल.

इरा अकरा वर्षांची आहे. पुण्याहून इथे जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराखला आलो तेव्हा कडेवर होती. आता मी मराठीत ओरडते आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते. शाळेत त्यांना विषय होता — युद्धात जिवावर उठलेल्यांपासून माणसांना लपवणारी, आसरा देणारी साधी कुटुंबं. बाकीच्या मुलांनी पणजोबांच्या काळातलं लिहिलं. इराने आमच्यावर लिहिलं. ‘माझ्या आईने ल्युदमिलाला घर दिलं.’ निबंध वर्गाबाहेर लावणार होते, खाली पालकांची सही हवी होती. केली. चांगली ठसठशीत केली.

खोटं नाही हो ते. दिलं होतं घर. तीन महिने.

ल्युदमिला युक्रेनमधल्या एका लहान गावातली शिक्षिका, पन्नाशीची. गावाचा ताबा रशियन सैन्याने घेतला, शाळेत नवी पुस्तकं आली, ती शिकवायला हिने नकार दिला. मग तिला शोधत माणसं यायला लागली. शेजारच्या कुटुंबाने — ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस, त्याची बायको, दोन मुलं — तिला बटाट्याच्या तळघरात सहा आठवडे लपवलं. ती सापडली असती तर त्या चौघांचं काय झालं असतं, तेही तिने आमच्या जेवणाच्या टेबलावर मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. मी ढसाढसा रडले होते. मला रडायला काय, फार सोपं जातं.

राटहाउसने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, निर्वासितांसाठी खोल्या मागितल्या तेव्हा पुढे झाले ती मीच. सासू-सासऱ्यांसाठी ठेवलेली खोली रिकामीच होती. समीर, माझा नवरा, म्हणाला, नीट विचार कर. मी म्हटलं, ह्यात विचार कसला करायचा? लेटरबॉक्सवर आमच्या आडनावाखाली तिचं नाव मीच चिकटवलं, त्याशिवाय इथे टपाल येत नाही. त्याचा फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. केवढं कौतुक झालं माझं!

आणि मग? मग काहीच झालं नाही. तेच तर सांगतेय. तिने काही मोडलं नाही, काही मागितलं नाही. संध्याकाळ झाली की घरभरच्या खिडक्यांवरची रोलाडेन शटरं खाली ओढायची — बाहेर नऊपर्यंत लख्ख उजेड आणि आम्ही खिडक्या झाकून वरणभात जेवतोय. उशीखाली पाव ठेवायची. माझ्या कढईत मासे तळायची, मग तासभर कढई घासायची. मला ते घासणंही खुपायचं. चालायची इतकी हळू की मागे येऊन उभी राहिली तरी कळायचं नाही, मी दचकायचे. ते चालणं तळघरात शिकलेलं होतं. मला समजत नव्हतं का? समजत होतं.

बघा, पुन्हा तिच्याच तक्रारी सांगत बसले. मला माझं घर परत हवं होतं. बस्स, एवढंच होतं.

गणपतीला सासू-सासरे यायचे होते. व्हिसा झाला होता, तिकिटं काढायची बाकी होती. समीर ऑफिसला गेला असताना मी व्हिडिओ कॉल केला आणि सहज बोलल्यासारखं म्हटलं, आई, खोलीत ती बाई आहे, काय करायचं? मला वाटलं, त्याच म्हणतील की तिची सोय दुसरीकडे बघ. त्या म्हणाल्या, “अगं, मग आम्ही पुढच्या वर्षी येतो की! तिला कुठे हलवतेस? राहू दे बिचारीला.” मागून बाबाही म्हणाले, राहू दे, राहू दे.

मी ‘बरं’ म्हटलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ल्युदमिलाला सांगितलं की सासू-सासरे येताहेत. सासूबाईंचं सोवळं फार कडक आहे. जिथे मासे शिजतात तिथलं त्या पाणीही पीत नाहीत. धर्माचंच आहे, माझा नाइलाज आहे.

सोवळं! माझ्या सासूबाईंचं! ज्या बाई ओट्याशी उभ्या राहून दोन अंड्यांचं ऑम्लेट खातात आणि मला म्हणतात, मिरची कमी पडली गं. राटहाउसमधल्या बाईंनाही मी हेच सांगितलं. धार्मिक कारण म्हटल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

ल्युदमिला मात्र म्हणाली, मी मासे सोडते. अंडीही सोडते.

मी म्हटलं, पण भांडी तर तीच आहेत ना.

हे वाक्य माझं आहे. ते मी म्हटलं.

मग तिने दोन दिवस माझं स्वयंपाकघर घासलं. उकळतं पाणी घेऊन, फरशीच्या फटींपर्यंत. म्हाताऱ्या बाईंना त्रास नको म्हणून. जाताना खोलीत झेंडूची फुलं ठेवून गेली. देवाला ती चालतात, हे तिला इराने सांगितलं होतं. लेटरबॉक्सवरचं नाव मी त्याच दुपारी नखाने खरवडून काढलं. समीरला, आईंना, इराला सांगितलं — तिला दुसरं घर मिळालं. निबंधातलं शेवटचं वाक्य तेच आहे. त्याच्या खाली माझी सही आहे.

मिळालं होतं ते घर नव्हतं, क्रीडागृह होतं. पडदे लावून पाडलेल्या खोल्या, रांगेने खाटा. मी एकदाच गेले, चिवड्याचा डबा घेऊन. नोव्हेंबरमध्ये तिचा मेसेज आला: इथे झोप लागत नाही, माझी आई तिकडे गावात एकटी आहे, परत जातेय. आणि खाली: ‘सासूबाईंना खोली आवडली का? रोलाडेनचा पट्टा अडकतो, त्यांना हळू ओढायला सांग.’

सासू-सासऱ्यांचं येणं पुढच्या वर्षावरच राहिलं होतं. खोलीत तेव्हा इस्त्रीचं टेबल होतं आणि मखराचे खोके.

मी लिहिलं, हो, खूप आवडली, तुला आशीर्वाद सांगितलेत. तिने ते वाचलं, दोन निळ्या खुणा आल्या. त्यानंतर मी पाठवलेल्या प्रत्येक मेसेजपुढे एकच करडी खूण आहे. नव्या वर्षाच्या शुभेच्छा, कशी आहेस, कुठे आहेस, इरा आठवण काढते. त्यातल्या एकाही मेसेजमध्ये मी खरं लिहिलेलं नाही.