कापसातली पिल्लं

आमच्याकडे मांजर कोणी मारत नाही. तेवढं पाप कोणी अंगावर घेत नाही. मांजर सोडतात. पोत्यात घालायची, तोंड बांधून पोतं तीनदा गरगर फिरवायचं म्हणजे तिला दिशा कळत नाही, मग नदी ओलांडून मासळीच्या वासाच्या जागी तिला मोकळी करायची. पुढ्यात मूठभर सुकट टाकायची आणि मागे न बघता निघायचं. मी हे लहानपणापासून बघत आलोय. याला कोणी वाईट म्हणताना मी ऐकलं नव्हतं.

आता महाडात कोणाची मांजर माळ्यावर अडकली, कोणाच्या बोक्याने खाणं सोडलं, की माणसं माझ्या दुकानात येतात. दुकान गाद्यांचं. आत कापूस पिंजायचं मशीन, बाहेर फळीवर गाद्या शिवायला बसायची जागा, आणि त्या फळीवर एक तरी मांजर. लोक मला भला माणूस समजतात. नऊ वर्षं मी ते ऐकून घेतलं, मान हलवली आणि सुईत दोरा ओवला. मी मुळात कमी बोलणारा. आमची ही म्हणते, "माणसांशी बोलायला तुम्हाला तोंड नाही, मांजराशी मात्र तासभर गप्पा!" तिचं खरं आहे. मांजर उलटा प्रश्न विचारत नाही.

समोरच्या घरात चाची राहतात. नवरा कधीच गेला, दोन्ही मुलगे आखातात. आमच्या गल्लीतली निम्मी घरं अशीच बंद आहेत. माणसं तिकडे, कुलपं इकडे. त्या कुलपांच्या किल्ल्या चाचींच्या कमरेला. महिन्यातून एकदा त्या एकेक घर उघडतात, खिडक्या उघड्या टाकतात, भिंतींना ओल आली का बघतात आणि पुन्हा बंद करतात. त्या वेळी त्यांच्या मागे मागे एक मांजर फिरायची. राखाडी पट्ट्यांची, आणि शेपटीला टोकाशी एक मोड, जणू कोणी चिमटीत धरून दुमडून ठेवलीय. चाची जेवायला बसल्या की ती समोर बसायची. दोघींची दोन ताटं.

ती मांजर माझ्या दुकानात यायची. कापूस मऊ, तिचा काय दोष? पण एकदा लग्नाच्या ऑर्डरीची गादी तयार होती, मुलीकडचे दुपारी न्यायला येणार, आणि सकाळी बघतो तर वर ओलं डबकं आणि तो वास. गादी उसवली, कापूस फेकला, मुलीच्या बापाचं चार माणसांसमोर ऐकून घेतलं. त्याच आठवड्यात पोलादपूरला एका लॉजच्या गाद्या पोचवायच्या होत्या. चाची नळावर पाण्याला गेल्या होत्या. मी मांजर धरली, पोत्यात घातली, पोतं तीनदा फिरवलं आणि टेम्पोत गाद्यांच्या मधे ठेवलं.

सावित्रीचा पूल ओलांडेपर्यंत ती ओरडत होती. पुढे गप्प झाली. पोलादपूरला मासळीवाल्या बसतात त्यांच्या मागच्या बाजूला मी पोत्याची गाठ सोडली, सुकट टाकली आणि लॉजवर गेलो. येताना चहा प्यालो. चहा चांगला लागला, हेही सांगून टाकतो.

संध्याकाळी चाची दारात. "माझी बिल्ली दिसली का रे?"

"नाय, चाची."

"पोटुशी होती. व्याली असंल कुठं तरी. तुझ्या कापसात बघ हां जरा."

मी बघतो म्हणालो आणि बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी मशीन बंद केलं तेव्हा कोपऱ्यातल्या सावरीच्या कापसाच्या पोत्यातून आवाज आला. बारीक, शिट्टीसारखा. हात घातला तर तीन पिल्लं. एक गार पडलेलं. दोघांची तोंडं उघडी.

मी दुकान तसंच टाकून टेम्पो काढला. पोलादपूरला मासळीवालीला विचारलं. ती म्हणाली, "काल होती. कुत्री लागली पाठी, तशी नदीकडं पळाली." मी नदीकडे गेलो. हाका मारल्या. किती वेळ शोधलं म्हणाल तर फार नाही. एका माणसाने विचारलं, काय हरवलं, आणि मला लाज वाटून मी परत फिरलो.

त्या दोन पिल्लांनी मला शिकवलं. पहिल्या दिवशी गाईचं दूध पाजलं, तर दोघांना हगवण. गुरांच्या डॉक्टरांनी शिव्या घातल्या आणि पिल्लांच्या दुधाची पावडर मागवून दिली. सुई काढलेल्या सिरिंजने थेंब थेंब द्यायचं, तेही पिल्लाला पालथं ठेवून. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. दर दोन तासांनी. पाजून झालं की कोमट पाण्यात कापूस भिजवून मागून पुसायचं, आई चाटते तसं, नाहीतर त्यांना शी-शू होत नाही. कापसाची काय, माझ्याकडे वाण नव्हती. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. आमची ही दारातून बघायची आणि म्हणायची, "आपल्या मुलीच्या वेळी एक दुपटं बदललं नाहीत तुम्ही." पण दुपारच्या वेळा तिने स्वतःकडे घेतल्या.

लोकांनी विचारलं, पिल्लं कुठली? मी म्हटलं, टेम्पोत सापडली, पोलादपूरहून आली असतील. चाचींनाही तेच सांगितलं. त्यांनी एकीला तळहातावर घेतलं. तिच्या शेपटीच्या टोकाला तोच मोड होता. "बघ, माझ्या बिल्लीवानी," चाची म्हणाल्या. मी म्हटलं, पुष्कळ मांजरांना असतो. त्यांनी ते मानलं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आमच्याकडे समजतात. आपली मांजरही पिल्लं घेऊन कुठल्यातरी सातव्या घरात सुखी असेल, अशी त्यांनी समजूत करून घेतली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लय सवाबाचं, पुण्याचं काम करतोस बाबा."

एक पिल्लू नाते गावात एका घरी दिलं. मोडक्या शेपटीची माझ्याकडे राहिली. तिच्यामागून लोक येऊ लागले. मी नाही म्हणू शकत नव्हतो, आणि खरं सांगायचं तर पुढे पुढे मला ते आवडायला लागलं. डॉक्टरांशी बोलून गल्लीतल्या मांजरांच्या नसबंद्या करवल्या. ऑपरेशननंतर आठवडाभर माझ्या पोटमाळ्यावर मुक्काम. जुन्या घमेल्यात बारीक वाळू, रोज चाळायची. मासळी उकडलेली, काटे काढलेली, मीठ-हळद काही नाही. फरशी फिनेलने पुसायची नाही, त्यांना ते बाधतं. आणि दोऱ्याची रिळं झाकणाच्या डब्यात, कारण मांजर दोरा गिळते आणि आतडी आवळतात. गादीवाल्याच्या घरात हे पहिलं शिकायचं. दुबईहून आलेले एक शेठ त्यांचा लांब केसांचा बोका घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, याला एसीशिवाय नींद नाय." त्याच्या केसांच्या गाठी झाल्या होत्या नुसत्या. मी कंगव्याने तासभर सोडवत बसलो. बोका माझ्या मांडीवर झोपला, एसीबिसी काही न विचारता. शेठ म्हणाले, "आयला, घरी पण असाच झोपला असता तर!"

असे दिवस बरे गेले. फक्त चाची समोर आल्या की सुई बोटात जायची. त्या दर ईदेला शीरखुर्म्याचं भांडं पाठवायच्या आणि मोडक्या शेपटीसाठी वेगळी उकडलेली कोलंबी. दुसरी मांजर त्यांनी पाळली नाही. मी दोनदा देऊ केली. म्हणाल्या, "नको रे. ती आली तर तिला काय वाटंल?"

मग गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर माझी मोडकी शेपटी हरवली.

एक दिवस वाट बघितली. दुसऱ्या दिवशी गल्ल्या धुंडाळल्या. मला खाणं जाईना. गुडघे दुखतात म्हणून चाची मशिदीच्या कोपऱ्यापलीकडे जात नाहीत, पण त्या दिवशी स्लीपर घालून माझ्यासोबत नदीच्या उतारापर्यंत आल्या. प्रत्येक बोळाच्या तोंडाशी थांबून जीभ टाळूला लावून टक्‌ टक्‌ आवाज करायच्या. तो आवाज मी ओळखला. नऊ वर्षांपूर्वी महिनाभर त्या संध्याकाळी दारात बसून तोच काढायच्या. मी तेव्हा मशीन चालू करायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी चाची आल्या त्या धापा टाकत, कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा हातात. "चल, चल लवकर!" पलीकडचं बंद घर होतं, मालक वर्षभर आखातातून आलेले नाहीत. त्यांनी कुलूप काढलं. आत, झाकलेल्या सोफ्याखालून, माझी मांजर बाहेर आली. घसा बसलेला. मोरीतल्या बादलीत थोडं पाणी होतं म्हणून वाचली.

"परवा घर उघडलं तवा आत शिरली असंल," चाची म्हणाल्या. त्या तिथेच जमिनीवर बसल्या. "मीच कोंडलं तिला. खोल्या बघायच्या सोडून फोनवर बोलत ऱ्हायले. तीन दिस! जनावर बिचारं. माफ कर रे मला. माफ कर."

आणि त्यांनी हात जोडले. माझ्यापुढे.

मला ते बघवलं नाही. मी त्यांचे हात धरून खाली केले आणि म्हणालो, "चाची, तुमची मांजर मी सोडली. पोलादपूरला. पोत्यात घालून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मांजरीला उचलून मांडीवर घेतलं. तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग एकेक विचारू लागल्या, बाजारात भाव विचारावा तसं, आवाज न चढवता.

"कुठं?"

"मासळीवाल्या बसतात त्याच्या मागं."

"खायला काय टाकलंस?"

"सुकट."

"बघितलंस मागं वळून?"

"नाय."

"परत गेलास?"

"तिसऱ्या दिवशी. थोडाच वेळ."

मग त्यांनी मांडीवरच्या शेपटीचा मोड चिमटीत धरला. "ही तिची?"

"तिची. माझ्या कापसात होती."

"पोत्यात घातलीस तवा दिसलं नव्हतं तुला? व्यालेली हाय ते?"

इथे मला 'नाही' म्हणता आलं असतं. नऊ वर्षं मी स्वतःलाही हेच सांगत आलो होतो, की मला माहीत नव्हतं. पण त्या सकाळी तिला काखेत धरलं तेव्हा तिची आचळं माझ्या मनगटाला लागली होती. भरलेली, ऊन. मला कळलं होतं. गादीचा राग मोठा होता.

"दिसलं होतं," मी म्हणालो.

चाची उठल्या. मांजर घेऊन उठल्या. घराला कुलूप लावलं, किल्ल्या कमरेला खोचल्या आणि आपल्या घरात जाऊन दार लावून घेतलं. मांजर आत, मी गल्लीत.

घरी येऊन मी हिलाही सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तवा उतरवला. "चाचींच्या आधी मला सांगायला काय झालं होतं?" एवढंच म्हणाली, आणि दोन दिवस फक्त जेवायला वाढण्यापुरती बोलली. मी फळीवर बसून गाद्या शिवत होतो. समोरचं दार बंद. आतून भांड्यांचा आवाज येत होता, आणि मधेच टक्‌ टक्‌. मला वाटलं, गेली मांजर. आणि वाटलं, बरोबर आहे. तिची होती, तिला मिळाली. बोळात माझ्याबद्दल काय बोललं जाईल याची भीतीही होती, पण आश्चर्य म्हणजे झोप लागत होती.

तिसऱ्या दिवशी दार उघडलं. चाची उंबऱ्यावर उभ्या.

"इकडं ये रे!"

गेलो. आत दोन ताटं मांडलेली. एकापुढे मोडकी शेपटी.

"हिला तू काय कोरडं खाऊ घालतोस काय? केसं बघ कशी झाल्यात. उद्यापासून मासळी मी देनार. ही माझी नात हाय. इतकी वर्सं माझी नात तू ठेवलीस आणि मला वरच्या वर कोलंबी पाठवायला लावलीस!"

"चाची, दातांसाठी कोरडं—"

"तू मला शिकवू नको."

मी गप्प बसलो. त्यात मी तयार आहे.

"आणि ऐक," त्या म्हणाल्या, "गुरुवारी टेम्पो पोलादपूरला जातो ना तुझा? मला ने."

गुरुवारी नेलं. त्या पुढे बसल्या, मांडीवर डबा. पुलावर आल्यावर बाहेर बघत राहिल्या. मासळीवाल्यांच्या मागे मी जागा दाखवली. तिथे आता सिमेंटची टाकी आहे आणि टाकीच्या सावलीत चार-पाच मांजरं पडलेली असतात. चाचींनी एकेकीची शेपूट बघितली. सगळ्या सरळ. मग डबा उघडला, उकडलेली मासळी टाकली आणि मागे न फिरता उभ्याच राहिल्या, सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत. एक पांढरी मांजर पोटाने जड होती. चाचींनी माझ्याकडे बघितलं.

"दिसली?"

"दिसली."

"मग? डॉक्टरला फोन कर की."

मी फोन काढला. ती पांढरी आता माझ्या पोटमाळ्यावर आहे. व्याली, चार झाली, चारही जगली. चाचींनी मला माफ केलं का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मोडकी शेपटी सकाळी त्यांच्याकडे जेवते आणि दुपारी माझ्या फळीवर झोपते. मधली गल्ली चार पावलांची. चाची त्यांच्या दारात बसून पाहतात, आणि मी मासळीत मीठ घातलं नाही ना, हे रोज एकदा ओरडून विचारतात.