लेडीज सीट

दुकानात आज ताज्या वार्निशचा वास कोंदला आहे. इथल्या जुन्या खाजगी बसमध्ये दारालगत, खिडक्यांकडे पाठ करून जी लांबलचक लेडीज सीट असते, तशीच एक मी सुताराकडून हौसेनं घडवून घेतली आहे. संग्रहालयातलं हे भेटवस्तूंचं दुकान बस-ट्रामच्या धर्तीवर सजवायचं काम माझ्याकडे आलं. हाताने रंगवलेल्या पाट्या, पिशव्या टांगायला पितळी दांडे, सगळं संग्रहालयाच्या साहेबांना पसंत पडलं. ही सीट तेवढी त्यांच्या डोळ्यांत खुपते. "एवढ्या जागेत कपांचा आणखी एक रॅक मावेल. हिच्यावर विकणार काय?"

काय सांगावं त्यांना? बाबांची बदली इथे, गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत झाली, तेव्हा मी कडेवरची. आईच्याच तोंडून ऐकलेलं हे सगळं. या नव्या, बंगाली बोलणाऱ्या शहरात ती पहिल्यांदाच मला घेऊन एकटी बागबाजारला गेली, आणि उतरताना कंडक्टर ड्रायव्हरला ओरडला, "आस्ते लेडीज, कोले बाच्चा!" आईला ऐकू आलं कोल्ह्याचं पिल्लू. मी तशी किडकिडीत, रडकी. तो सल तिला होताच. ती पायरीवरच गर्रकन वळली. "कोल्हा कुणाला म्हणतोस रे? मुलगी आहे माझी!" अस्सल मराठीत! बस खोळंबली. शेवटी लेडीज सीटवरच्या एका आजींनी स्वतःची मांडी थोपटून दाखवली, "कोल, मा, कोल! गोदी, गोदी!" कोल्हा नव्हे, कडेवरचं मूल, असा आईच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती इतकी हसली, की अख्खी बस हसायला लागली. पुढे बंगाली ती अशा सीटवरच शिकली, शेजारी बसलेल्या बायकांची सुनांबद्दलची गाऱ्हाणी ऐकत ऐकत.

गेल्या महिन्यात भाऊ तिला पुण्याला घेऊन गेला. तिचे गुडघे गेलेत, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, मी दिवसभर बाहेर. त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. "आता आपल्या माणसांत राहील," जो तो म्हणाला. मला ते तेव्हाही पटलं नाही. तिच्यावाचून घर खायला उठतं, हे तर आहेच.

"ती विकायला नाही, बसायला आहे," मी साहेबांना म्हटलं. त्यांनी स्वतःच बसून पाहिलं, आणि पुन्हा रॅकचा विषय निघाला नाही.

संध्याकाळी आईला फोनवर हे सांगितलं. ती खूश झाली. मग म्हणाली, "अगं, काल मीही बसनं गेले, सूनबाईबरोबर. सगळीकडे मराठीच मराठी."

"मग? बरं वाटलं असेल ना?"

"सगळे फोनवर बोलत होते गं. माझ्याशी कुणीच नाही."

रजा टाकून पुण्याला जायचं आणि तिच्या शेजारी बसून नुसतं बसनं हिंडायचं, एवढं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.