एफ्राईमभाऊंची धुळीची ताटं

इस्राएलच्या वाळवंटातल्या मित्स्पे रामोन गावाला धूळ आहे, हे सांगायला माणूस लागत नाही. ती किती आहे हे सरकारी कागदावर लिहून द्यायला मात्र एफ्राईम वाक्रुळकर लागत. मुंबईच्या म्युनिसिपालिटीत पंधरा वर्षं इन्स्पेक्टरी करून ते इकडे आले होते. पुढे मोठं काम काढण्याआधी त्याचा परिसराला किती त्रास होईल ते तपासायचा नियम झाला, आणि बेरशेबाच्या जिल्हा ऑफिसनं तो धोंडा त्यांच्या गळ्यात बांधला. गळा त्यांनी आनंदानं पुढे केला होता.

स्वभावच तपासनिसाचा. चहात साखर 'सहन होण्याइतकी', शेजारच्या दाविदचा रेडिओ 'मर्यादेबाहेर'. बायको रूतबाई म्हणायच्या, "अहो, आधी जेवा. रिपोर्ट मागनं द्या."

चौऱ्याऐंशी साली गावाजवळ खडी फोडायचा कारखाना काढायचं ठरलं. साठ जणांना काम. त्यातलं मुकादमाचं काम एफ्राईमभाऊंच्या जावयाला, योरामला, कबूल झालेलं. तो आठ महिने घरी बसून होता. कारखाना आला नाही तर भाऊंच्या लेकीला, डिनाला, आणि दोन वर्षांच्या नातीला, ओर्नाला, घेऊन तो दूर रामल्याला भावाकडे जाणार होता. ओर्ना, म्हणजे भाऊंनी आजवर शेरा न मारलेली जगातली एकमेव गोष्ट.

त्यांनी साहेबाला प्रामाणिकपणे कळवलं, "माझा जावई तिथं लागणार आहे. दुसरं कुणी पाठवा."

साहेब हसला. "त्या गावात ज्याचं कुणीच तिथं लागणार नाही असा माणूस दाखव, त्याला पाठवतो."

झालं. कारखानदारांनी एक यंत्र आणून आठवडाभर चालवायचं आणि भाऊंनी बारा गच्च्यांवर रुंद पत्र्याची ताटं ठेवून पडेल ती धूळ मोजायची, असं ठरलं. सहाव्या दिवशी भाऊ बतशेवाबाईंच्या गच्चीवर चढले, तर ताटात तांदळाचे पापड! गोल, नीट, एकमेकांना न चिकटता वाळत घातलेले.

"बतशेवाबाई, हे सरकारी ताट आहे!"

"मग सरकार काही वाळत घालतंय का त्यात? भर उन्हात एवढं रुंद ताट रिकामं बघवेना हो मला. आमच्या भायखळ्याच्या चाळीत यावरनं मारामाऱ्या झाल्या असत्या."

बारापैकी आठ गच्च्या मुंबईकडून आलेल्या आपल्या लोकांच्या. आठही ताटांत पापड. चौथ्या गच्चीवर तर खुद्द रूतबाई. "तुम्हीच म्हणालात ना, ताट हलवायचं नाही? मी कुठं हलवलं?"

उरलेली चार ताटं रोमानियन शेजाऱ्यांची, टेकडीच्या आडोशाला. ती शिस्तीत रिकामी होती. कारखान्याचा इंजिनिअर अमनोन खूश झाला. "आठ बाद. चारांत धूळ मर्यादेत. कर सही, एफ्राईम!"

सही केली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं. भाऊ पेन खिशात ठेवून घरी जेवायला आले.

रूतबाईंनी त्या ताटातलेच पापड तळले होते. पहिल्याच घासाला सगळ्यांच्या दाताखाली कचकच. योराम हिब्रूत म्हणाला, "बेसेदेर! चालतंय की!" आणि पुराव्यादाखल दुसरा घेतला. डिना नवऱ्याकडे बघत निमूट चावत होती. ओर्नानं तुकडा तोंडात घातला आणि थू करून आजोबांच्या ताटात टाकला.

"हिनं थुंकला तरी," भाऊ म्हणाले. "छातीत गेलेली धूळ कशी थुंकणार?"

जेवणावरून उठून त्यांनी आठही घरांतले पापड जप्त केले. बायका भडकल्या, भाऊंनी रीतसर पावत्या दिल्या. शिवाय यंत्र येण्याआधी वाळवलेले, त्याच पिठाचे पापडही मागितले. दोन्ही घाण्यांचे पापड बेरशेबाच्या प्रयोगशाळेत भिजवून, गाळून, खाली उरलेली कच तोलली गेली. दोन्हींतला फरक तो यंत्राचा. गावाच्या त्या बाजूला धूळ मर्यादेच्या तिप्पट निघाली.

भाऊंनी लिहिलं: या जागी गावाला मोठी हानी, सहा किलोमीटर पलीकडे, वारा धूळ गावापासून लांब नेईल त्या बाजूला, हरकत नाही. म्हणजे कागद पुन्हा पहिल्यापासून. रिपोर्ट पाठवण्याआधी त्यांनी तो योरामपुढे ठेवला. त्यानं शेवटपर्यंत वाचला.

"किती दिवस लागतील?"

"दीड वर्ष तरी."

"ती चार ताटं पाठवली असती तर कुणाला कळलं असतं, अब्बा?"

"अमनोनला. पुढच्या खेपेला तो तीनच ताटं घेऊन आला असता."

योरामला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं. पंधरवड्यानं त्यांचं सामान ट्रकवर चढलं. रूतबाई तीन दिवस भाऊंशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी विचारलं ते एवढंच, "तुमच्या डिपार्टमेंटचं रामल्यात काही निघत नाही का हो?"

रामला त्यांच्या जिल्ह्यात नव्हतं. पण शेजारच्या जिल्ह्याला माणसांची चणचण असेलच, असं म्हणून भाऊंनी स्वतःहून तिकडे अर्ज केला. त्या हिवाळ्यात रामल्यात बांधायच्या एका साबणाच्या गोदामाची पाच वेळा तपासणी झाली. गोदामाच्या नकाशात नाव ठेवायला जागा नव्हती. भाऊंचा शेरा मात्र पाचही वेळा तोच: 'पुन्हा येऊन पाहणे आवश्यक.'