अपेक्षानं नवरदेवाले रिपोर्ट मांगला

...अन् आयक, शेजारच्या तानाबाईच्या नातीचं, अपेक्षाचं, तं सांगाचंच राह्यलं. राळेगावचे पाहुणे पोरगी पाह्याले आले. पोह्याची बशी देता देता अपेक्षाच नवरदेवाले म्हणते, "सिकलसेल तपासलं का? माह्या रक्तात अंश हाय. दोघाइच्याबी असला तं लेकराले बिमारी होऊ शकते. शाळेत शिकवलं आमाले."

"डाक्टरीण हाय का हे?" पोराची माय फणकारली.

तानाबाईले वाटलं, मोडली सोयरीक! पन पोरगं हासलं, खिशातून रक्ततपासनीचा कागद काहाडला. "मलेबी शाळेतच शिकवलं. माह्या रक्तात नाही."

लग्न ठरलं. तानाबाई रडलीच. तिचं थोरलं पोरगं ह्याच बिमारीत हाडं दुखू दुखू गेलतं, तवा कोनाले कारनच समजलं नोतं.

पोरी, तू त्याच शाळेत जातं नं, तं अपेक्षाले हे शिकवनाऱ्या मॅडमले पयली पत्रिका नेऊन दे. म्हण, तानाबाईनं पाया पडून पाठवली.