बाबांची फौज

आमच्या हॅचरीत आजही सगळे 'फौज' म्हणतात. शब्द माझ्या बाबांचा. बाबा आता नाहीत.

ते उदगीर डेपोत कंडक्टर होते. समुद्र त्यांनी कधी पाहिला नाही; आमच्याकडे झिंगे यायचे ते बाजारात, सुकलेले, पोत्यात. त्यामुळे लेक कोकणात 'झिंग्यांच्या दवाखान्यात' आहे, हे ते प्रवाशांना मोठ्या चवीनं सांगत. खरं तर हॅचरी म्हणजे टाक्यांत झिंग्यांची पिल्लं वाढवायची जागा. पण बाबांना कोण समजावणार!

पिल्लांना जिवाणूंचा रोग लागला की टाकीच्या टाकी मरते. औषधं ओतून ओतून जिवाणू निर्ढावले होते. म्हणून आम्ही समुद्राच्याच पाण्यातून त्या जिवाणूंना मारणारे विषाणू शोधून टाकीत सोडून पाहत होतो. त्यांना फाज म्हणतात, असं मी सांगितलं. बाबांनी ऐकलं, फौज. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तोच, "काय गं, फौज काय करायलीय?" मीही कधी सुधारलं नाही. त्या एका शब्दासाठी मी रविवारची वाट बघायची.

मग शुगरमुळे त्यांच्या पायाची जखम चिघळली. लातूरच्या दवाखान्यात एकही अँटिबायोटिक लागू पडेना. पाय कापावा लागेल, डॉक्टर म्हणाले. मी कोकणातून धावत आले होते. बाबा माझ्याकडे वळले. "झिंग्याला फौज, अन् बापाला न्हाई व्हय?"

मी सांगितलं, आमचा फाज फक्त टाकीतला जिवाणू ओळखतो, तुमच्या जखमेतल्याला तो हातही लावणार नाही. त्याच्यासाठी वेगळा फाज शोधायला वेळ हवा, परवानग्या हव्यात. माझ्या हातात काहीच नव्हतं. एवढं शिकून बापाच्या पायाला उपयोग शून्य, याचा मला भयंकर राग येत होता. बाबांना मात्र लगेच उमगलं.

"म्हंजे तिकीट एकाच गावचं. फुडं चालत न्हाई."

ऑपरेशनसाठी त्यांना आत न्यायच्या जरा आधी हॅचरीतून फोन आला. फाज सोडलेल्या टाकीतली पिल्लं तगली होती. सांगावं की नको, मला कळेना. त्यांनी माझ्या तोंडावरूनच ओळखलं.

"जिंकली का फौज?"

"व्हय, बाबा."

"किती पाय असतात गं झिंग्याला?"

"चालायचे दहा."

"मंग झालं की! दहा वाचले, एक गेला. फेरी फायद्यातच हाय, रडू नको."