न कळवता

आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्यानंतर तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आमच्या घरात अप्पा आणि मी, दोघंच उरलो. पन्नासचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. अप्पा शाळेत गणित शिकवायचे. दिवसभर तमिळ आणि इंग्रजीत बोलून ते घरी येत, तेव्हा आमच्या घरच्या जुन्या मराठीसाठी त्यांच्याजवळ फारसा आवाजच शिल्लक नसे. जेवताना ते "वाढू?" विचारत, मी "पुरे" म्हणे. एवढंच बोलणं. असे दिवसच्या दिवस जात.

एका संध्याकाळी ते देवापुढे दिवा लावत होते. मी विचारलं, "अप्पा, देवाला सगळं आधीच ठाऊक असतं?"

"असतं की."

"उद्याचंसुद्धा?"

"उद्याचंसुद्धा."

"मग त्याला कधी नवल वाटतच नाही? कुणी अचानक दारात उभं राहिलं, असं त्याचं कधी होतच नाही?"

त्यांनी काडी विझवली. "नाही होत."

"मग त्याला करमतं कसं?"

अप्पा काडेपेटी जागेवर ठेवून आत निघून गेले. मला वाटलं, रागावले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझी वेणी घालताना ते आपणहून म्हणाले, "वर्गात मी फळ्यावर गणित घालतो. उत्तर मला ठाऊक असतं. तरी एखादं पोर ते आपलं आपण सोडवतं, तेव्हा मला बरं वाटतं. देवाचं तसंच असेल."

"पण नवल वाटतं का?"

त्यांनी थोडा विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "नाही. बरं वाटतं," ते म्हणाले, आणि वेणीला रिबीन बांधली. त्यांच्या हातची वेणी शाळेत पोचेपर्यंत सैल व्हायची.

मला ते उत्तर पुरलं नाही. देवाची मला कीवच येऊ लागली. शाळेतून आल्यावर कुलूप काढून रिकाम्या घरात शिरताना मी त्या मूर्तीकडे बघे. मी येणार हे तिला सकाळपासूनच ठाऊक असणार.

आई असताना दर शुक्रवारी अप्पा मोगऱ्याची माळ आणत. अर्धी देवाला, अर्धी आईच्या केसांत. ती गेल्यावरही माळ येत राहिली, पण सगळीच देवाला जाऊ लागली. ती तबकात ठेवून अप्पांच्या हाती देणं माझं काम होतं. एका शुक्रवारी तबक उचलता उचलता माझ्या मनात काय आलं कोण जाणे. मी माळ तोडली आणि अर्धी आपल्या वेणीत खोवली. क्षणभर आधी माझं मलाही ते माहीत नव्हतं.

अप्पा श्लोक म्हणत वळले आणि थांबले.

"हे काय गे?"

"देवाला चकवलं. मलाच ठाऊक नव्हतं, तर त्याला कुठलं असणार?"

ते माझ्या केसांकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "त्याचं मला सांगता येणार नाही. मला मात्र ठाऊक नव्हतं." ते पुन्हा देवाकडे वळले. लहानपणापासून पाठ असलेल्या त्या श्लोकाची पुढची ओळ त्यांना आठवेना. घंटा तेवढी वाजवत राहिले.

पुढच्या शुक्रवारपासून माळेचे पुन्हा दोन तुकडे होऊ लागले. बोलणं मात्र तेवढंच राहिलं.

साठचं दशक सुरू होताना माझं लग्न झालं आणि मी मद्रासला गेले. अप्पा निवृत्त झाले. आमच्याकडे या, म्हटलं की म्हणत, "बघू." एकदा नवरा कामासाठी कुंभकोणमला निघाला, तशी मीही त्याच्याबरोबर आले आणि तिथून एकटीच बस धरून तंजावूरला उतरले. अप्पांना काही कळवलं नव्हतं. त्यांचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं.

ऐन जेवणाची वेळ होती. दार नुसतं लोटलेलं. अप्पा स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते. समोर केळीची दोन पानं मांडलेली, भात दोघांना पुरेल इतका.

"आलीस? हातपाय धू," ते म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग हे पान कुणाचं?"

ते भातावर रसम वाढत होते. मान वर न करता म्हणाले, "रोज घालतो. कुणी आलं तर असावं."

"आणि नाही आलं तर?"

"उरलेला भात रात्री ताक घालून खातो."

मी जेवले. "वाढू?" विचारलं की दर वेळी हो म्हणत गेले.

संध्याकाळी बसस्टँडवर सोडायला आले तेव्हा त्यांनी खिडकीतून विचारलं, "परत कधी येशील?"

तारीख माझ्या ओठांवर आली होती. पोंगलला येणार होते. पण ती सांगितली असती, तर मधल्या प्रत्येक दिवशी आज कुणी येणार नाही हे त्यांना सकाळीच कळलं असतं.

"येईन, अप्पा," मी म्हटलं. "सांगता येत नाही."

त्यांनी मान डोलावली. ते गेले त्या वर्षापर्यंत मी अशीच, न कळवता जात राहिले.