गोळीत खोट नव्हती

बंदुकीची नुकती ओतलेली गोळी गार झाली की मामा तिच्यावरून अंगठ्याचे नख फिरवीत. नख कुठे अडले तर म्हणत, "सुरकुती हाय," आणि गोळी शिसे वितळायच्या पळीत परत टाकीत. निम्म्याहून अधिक अशाच परत जात. ठेवलेल्या आणि परत गेलेल्या गोळ्यांत मला काही फरक दिसत नसे. तसे बोललो की उत्तर ठरलेले होते : "घाई कुणाला हाय?"

दौंडच्या मालधक्क्यावर मी कारकून होतो आणि ते सीलवाले. भरलेल्या वॅगनच्या दाराला तार ओवायची आणि तिच्यावर शिशाचे सील चिमट्याने दाबायचे, हे त्यांचे काम. माल उतरवताना तोडलेली सीले रुळांत पडून राहत. वरिष्ठांना विचारून ते ती वेचीत आणि घरी नेत. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणे.

ते मूळचे शिरूरच्या ख्रिस्ती वस्तीतले. मिशनचा गोरा डॉक्टर देश सोडून जाताना आपली आखूड नळीची कार्बाईन, परवाना रीतसर त्यांच्या नावावर करून, त्यांना देऊन गेला होता. विलायती काडतुसे पुढे मिळेनाशी झाली. रिकाम्या पितळी पुंगळ्या तेवढ्या उरल्या. त्या ते पुन्हा पुन्हा भरीत, आणि वेचलेल्या सीलांच्या शिशाची गोळी घरी ओतीत.

रविवारी प्रार्थनेहून आले की चूल त्यांची. त्यांची बायको मला सांगे, "माझी पळी खाल्ली या माणसानं. आता कालवण काय वंजळीनं वाढू?" मामांना ते ऐकू येत नसे. साचा थंड असला तर गोळीला सुरकुती पडते आणि फार तापला तर ती पांढुरकी होते, एवढे बसून बसून मीही शिकलो. संध्याकाळी भीमेच्या पात्रात दरडीला कौल टेकवून ते गोळ्यांची परीक्षा घेत. कौल फुटले तरी चेहरा तोच, हुकले तरी तोच.

थंडीत उसात रानडुकरे शिरत. मग खुटबावचे एक बागाईतदार, ज्यांना गाव आप्पा म्हणे, स्वतः धक्क्यावर बोलवायला येत. मामा पहिल्यांदा गेले तेव्हा आप्पांच्या धाकट्या भावाने विचारले, "गोळीला चरबी कसली लावता? आमच्या रानात देवाचं ठाणं हाय."

"मेण आन् एरंडेल," मामा म्हणाले. "देवाला चालतंय. डुकराला इचारलं न्हाई."

त्या दिवसापासून त्यांच्यासाठी अंगणात बाज टाकली जाऊ लागली. त्यांच्या वस्तीतल्या माणसाला त्या अंगणात एरवी कोणी बस म्हटले नसते. ती बाज बंदुकीची आहे हे त्यांना कळत होते. बोलले कधी नाहीत. पण खुटबावला जायचे असले की धुतलेला सदरा घालीत.

तुमच्याही पाहण्यात असा कोणी असेल, ज्याला थांबायचे असते आणि लोक थांबू देत नाहीत. शेवटच्या वर्षांत मामा दमले होते. पाय सुजत. दर खेपेला "हे शेवटचं" म्हणत, आणि आप्पा दिसले की उठत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. सीलवरचे आकडे ते मला वाचायला लावीत. नेम धरताना नीट दिसते का, असे मी एकदा स्पष्ट विचारले. म्हणाले, "नेम बोटात आसतो, साहेब."

शेवटच्या खेपेला मीही बरोबर होतो. पहाटे मामा, मी, आप्पा आणि त्यांचा धाकटा भाऊ उसाच्या कडेला बसलो. अजून पुरते फटफटले नव्हते. बांधाजवळ काळे काही हलले. मामांनी बंदूक उचलली, श्वास धरला आणि एकच गोळी झाडली. जनावर जागीच बसले.

जवळ गेलो. आप्पांचे रेडकू होते. रात्रीत दावे तोडून आले असावे.

मग आप्पाच म्हणाले, "घरी वतलेली गोळी. घसरली आसंल. पलीकडं डुक्कर व्हतंच की."

"व्हय," धाकटा भाऊ म्हणाला. "डुकरानं वाट दिली आन् रेडकू मधी आलं."

मामा गुडघ्यावर बसले. जखम बरोबर खांद्यामागे होती, डुकराला ते नेहमी मारीत तिथेच. तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "गोळी घसरली न्हाई. जिथं धरली तिथंच लागली. मला हे डुक्कर दिसलं."

"आसं म्हनू नगा, मामा," आप्पा हलक्या आवाजात म्हणाले. "गोळी खराब व्हती म्हना. न्हाईतर उद्या तुमाला परत बोलवायचं कसं?"

"बोलवू नगा. आज रेडकू व्हतं."

परत आलो तेव्हा अंगणात बाज टाकलेली होती. ते तिच्यावर बसले नाहीत. उभ्यानेच पाणी प्यायले.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "आप्पा स्वतः म्हणत होते. गोळीवर ढकलले असते तर काय बिघडले असते?"

ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "गोळीत खोट नव्हती," एवढेच म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कार्बाईन पोलीस ठाण्यात जमा केली. पुढे निवृत्त झाले आणि शिरूरला गेले. रुळांतली सीले रुळांतच पडू लागली.

पुढच्या थंडीत आप्पा धक्क्यावर आले. मामा शिरूरला राहायला गेल्याचे त्यांना माझ्याकडून कळले. म्हणाले, "त्यांना निरोप धाडा. गावात आमी सांगितलंय, गोळीच खराब व्हती. सगळ्यांना पटलंय. कवाबी या म्हनावं, बंदूक नसली तरी या."

हा निरोप मी पोचवला नाही. पोचवला असता तर ते खुटबावला नक्की गेले असते : बाजेवर बसायला नव्हे, घरोघर जाऊन ते खोडून काढायला. तेवढे चालणे त्यांना आता झेपले नसते.

ते वारले त्यालाही बराच काळ लोटला. खुटबावात अजून त्या गोळीलाच दोष देतात.